जुन्या डेस्कटॉपमध्ये मोठी हार्ड डिस्क: नेमकं अडतंय कुठे ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० च्या सुमारास असेंबल केलेला घरचा डेस्कटॉप: इंटेल जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, आणि जुन्या ३२० जीबी डिस्कवर ३२-बिट विंडोज ७. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ एका जागी ठेवायला नवी ४ टीबीची डिस्क घेतली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचे दोन तुकडे दिसतात, २०४८ जीबी आणि १६७८ जीबी. पहिल्यावर पार्टिशन झालं आणि त्यात तीनेकशे जीबी फोटो टाकूनही झाले. दुसऱ्यावर राइट-क्लिक केलं की सगळे पर्याय करडे. दुकानदार म्हणतो, बोर्ड जुना झाला, बदला. शिवाय काकांच्या प्रेसमध्ये पेंटियम ४ वर एक्सपी आहे, त्याची ८० जीबीची आयडीई (रुंद रिबन केबलची, जुन्या पद्धतीची) डिस्क टकटक आवाज करायला लागली आहे, तिथेही मोठी डिस्क बसेल का?

बोर्ड बदलू नका. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. २०४८ अधिक १६७८ म्हणजे ३७२६, आणि ४ टीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीत ३७२६ जीबीचीच असते. (कंपनी टीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. इथे काही कमी पडलेलं नाही.) म्हणजे बोर्डाला, कंट्रोलरला (बोर्डावरची डिस्क सांभाळणारी चिप) आणि ड्रायव्हरला (विंडोजमधला त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम) डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत, म्हणजे लिखाणाच्या शेवटच्या छोट्या कप्प्यापर्यंत, दिसते आहे. अडलंय ते डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये लिहिलेल्या पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत त्या यादीत.

डिस्क पहिल्यांदा जोडल्यावर विंडोजने विचारलं असेल, एमबीआर की जीपीटी. ही यादी लिहायच्या या दोन पद्धती, एक जुनी, एक नवी. एमबीआर आधीपासून निवडलेलं असतं आणि बहुतेक जण तेच ओके करतात. एमबीआर १९८३ सालच्या पीसी डॉसपासूनचं आहे. त्यात पार्टिशन कुठून सुरू होतं आणि केवढं आहे हे दोन्ही आकडे ३२ बिटांत लिहायचे असतात. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत मोजता येतं, एक सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार केला की २.२ टीबी येतात. विंडोजच्या भाषेत नेमके २०४८ जीबी. तुमच्या डिस्कवर ७८१ कोटींहून जास्त सेक्टर आहेत. उरलेल्यांचा पत्ता लिहायला त्या टेबलमध्ये जागाच नाही, म्हणून तो तुकडा करडा. जीपीटीमध्ये हेच आकडे ६४ बिटांत लिहितात, त्यामुळे घरी येऊ शकेल अशी कुठलीही डिस्क त्यात मावते.

विंडोज ७, ३२-बिट असली तरी, जीपीटीची डिस्क डेटासाठी बिनतक्रार वापरते. जुन्या बायॉसच्या (मशीन सुरू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्राम) बोर्डवर जीपीटी डिस्कवरून विंडोज बूट होत नाही, पण तुमची विंडोज ३२० जीबीच्या डिस्कवर आहे आणि ती तिथेच राहू द्या. जुन्या मशीनसाठी मी नेहमी हाच सल्ला देतो: बूट लहान डिस्कवर, डेटा मोठ्यावर. सुरू होताना बायॉसला फक्त लहान डिस्क नीट वाचता आली पाहिजे. विंडोज चालू झाली की ती बायॉसला विचारतही नाही, तिचा ड्रायव्हर थेट डिस्ककडून माहिती घेतो. म्हणून बायॉसच्या पडद्यावर मोठ्या डिस्कची क्षमता भलतीच दिसली तरी, मशीन पुढे जात असेल तर घाबरू नका.

आता प्रत्यक्ष कृती. त्या तीनशे जीबी फोटोंची दुसरी प्रत कुठेतरी आहे याची आधी खात्री करा. कॅमेऱ्याची कार्डं, फोन, दुसरा लॅपटॉप, काहीही चालेल. प्रत असेल तर सोपा मार्ग: डिस्क मॅनेजमेंटमध्ये ४ टीबीवरचं पार्टिशन डिलीट करा, मग डावीकडे जिथे 'डिस्क १' असं लिहिलेलं असतं त्या चौकोनावर राइट-क्लिक करून 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' निवडा. हा पर्याय डिस्कवर एकही पार्टिशन नसेल तरच उघडतो, आणि लोक उजवीकडच्या पट्टीवर क्लिक करत बसतात म्हणून त्यांना तो सापडत नाही. डिलीट करण्याआधी डिस्कचा आकार वाचा, ३७२६ जीबी असलेलीच आपली. क्रमांकावर जाऊ नका, केबल दुसऱ्या पोर्टला गेली की क्रमांक बदलतात.

प्रत नसेल आणि ठेवायला जागाही नसेल, तर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह करून मशीन त्यावरून सुरू करा आणि जीडिस्क वापरा. तो डेटाला हात न लावता एमबीआरचं जीपीटी करतो. जीपीटी आपल्या टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं, त्यासाठी शेवटचे ३३ सेक्टर मोकळे लागतात. तुमच्या डिस्कचा शेवटचा १६७८ जीबी भाग रिकामाच आहे, त्यामुळे अडचण यायचं कारण नाही. रूपांतर झालं की विंडोजमध्ये येऊन 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करा, पार्टिशन पूर्ण डिस्कभर पसरेल. तरीही प्रतीचा आग्रह सोडणार नाही. पार्टिशन टेबल बदलत असताना वीज गेली तर सावरता येतं, पण ते काम तुम्ही स्वतः करावं असं नाही.

इथे बरेच जण थांबतात. डिस्क पूर्ण दिसली, काम झालं. मी इथे थांबू देत नाही, कारण डिस्क पूर्ण दिसणं आणि पूर्ण चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मशीनमध्ये मोठी डिस्क घालताना खरा धोका ती न दिसण्याचा नसतो. न दिसलेली डिस्क कोणाचा डेटा खात नाही. धोका असतो तो सगळं सुरळीत दिसून मर्यादेपलीकडे चुकीच्या जागी लिहिलं जाण्याचा.

हे घडतं कसं ते सांगतो. ड्रायव्हर किंवा कंट्रोलर सेक्टरचा क्रमांक ठरावीक बिटांतच धरू शकत असेल, तर त्यापुढच्या क्रमांकाचे वरचे बिट गळून पडतात. स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येतं, तसं मर्यादेपलीकडचं लिखाण डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतं. आणि सुरुवातीला काय असतं? पार्टिशन टेबल, बूट सेक्टर, फाइलींची यादी आणि सगळ्यात आधी टाकलेले फोटो. म्हणजे डिस्क अर्धी भरेपर्यंत उत्तम चालते, एके दिवशी एक फाइल रेषेपलीकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी विंडोज विचारते, डिस्क फॉरमॅट करायची का?

हे कल्पनेतलं नाही. २००२-०३ मध्ये १३७ जीबीच्या रेषेवर असंच व्हायचं. तेव्हाचे ड्रायव्हर सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत धरायचे, म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. डिस्क जोडण्याच्या एटीए-६ या प्रमाणात ४८ बिटांची सोय झाली आणि एक्सपीला ती सर्व्हिस पॅक १ पासून मिळाली. कोणी १६० जीबीची डिस्क नव्या मशीनवर पूर्ण पार्टिशन करून जुन्या एक्सपीला किंवा विंडोज ९८ ला जोडली, की महिनाभराने डेटा गेलाच म्हणून समजा.

त्याआधीच्या रेषाही अशाच, कुणीतरी ठरवलेल्या बिटांच्या. ५२८ एमबी ही आयडीईचे १६ हेड आणि बायॉसचे १०२४ सिलिंडर यांच्या सांध्यातून आलेली, ८.४ जीबी ही बायॉसच्या जुन्या पत्त्याची, ३३.८ जीबी ही काही अवॉर्ड बायॉसांची. या शेवटच्या रेषेवर मशीन सुरू होतानाच गोठायचं, म्हणून तेव्हाच्या डिस्कवर क्षमता ३२ जीबी दाखवणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असायचा. आज हे फक्त जुन्या मशीनचे शौकीनच बघतात, पण जुन्या बाजारातून घेतलेली डिस्क अचानक ३२ जीबी दाखवायला लागली तर तो जंपर आधी बघा.

तर तुमची चाचणी. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ते मोकळ्या जागेत एक-एक जीबीच्या फाइली लिहीत जातं आणि मग प्रत्येक वाचून आपण लिहिलं तेच परत आलं का ते तपासतं. असलेल्या फाइलींना ते हात लावत नाही. (पण मशीन मर्यादेवर अडखळत असेल तर नेमक्या त्या सुरुवातीच्या फाइलींवर घाव पडेल, म्हणून पुन्हा तेच: प्रत हवी.) पूर्ण मोकळी जागा भरू द्या. २.२ टीबीची रेष ओलांडल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. लिहायला सात-आठ तास आणि तपासायला तेवढेच धरा, म्हणजे शनिवारी रात्री लावून ठेवायचं काम. मशीन यूपीएसवर असू द्या. चाचणी संपली की त्याच्या फाइली डिलीट करा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि अगदी सुरुवातीला टाकलेले फोटो उघडून बघा. ते स्वच्छ उघडले आणि चाचणीत चूक निघाली नाही, की ही डिस्क या मशीनमध्ये बिनधास्त वापरा.

तुमचं चिपसेट मी ओळखतो म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. जी३१ आणि जी४१ बोर्डांवर बहुधा आयसीएच७ (डिस्कचे पोर्ट सांभाळणारी इंटेलची चिप) असतो आणि साध्या आयसीएच७ मध्ये एएचसीआय (डिस्क चालवायची नवी पद्धत; जुनी म्हणजे आयडीई मोड) नाही. बायॉसमध्ये एएचसीआयचा पर्याय शोधत बसू नका, तो नसणारच. इंटरनेटवर कुणी 'आधी एएचसीआय चालू करा' म्हणेल, ते दुसऱ्या बोर्डांसाठी. आयडीई मोडमध्येही विंडोज ७ चा स्वतःचा ड्रायव्हर २.२ टीबीपलीकडे जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अल्ट्रा डीएमए मोड ५' वगैरे लिहिलेलं दिसलं म्हणून वेग कमी झालाय असंही नाही. ज्यांच्या बोर्डवर एएचसीआय आहे पण एक्सपी किंवा विंडोज ७ आयडीई मोडमध्ये टाकलेली आहे, त्यांनी बायॉसमध्ये ते सहज म्हणून बदलू नये. पुढच्या वेळी निळा पडदा आणि ०x००००००७बी हा कोड येईल. मोड परत पूर्वीचा केला की मशीन पूर्ववत होतं.

आता समजा तुमचे आकडे वेगळे असते. हा भाग इतरांनाही उपयोगी पडेल, कारण आकडाच रोग सांगतो. ४ टीबीची डिस्क दोन तुकड्यांऐवजी सबंधच १६७८ जीबी (किंवा १.६४ टीबी) दिसली, तर दोष पार्टिशन टेबलचा नाही. वाटेतलं कुणीतरी ३२ बिटांत मोजतंय आणि २.२ टीबी गाळून उरलेलं दाखवतंय. ३ टीबीच्या डिस्कला याच कारणाने सुमारे ७४६ जीबी दिसतात. अशा वेळी जीपीटी करून काहीही होत नाही, उलट वर सांगितलेला चुकीच्या जागी लिहिण्याचा धोका इथेच असतो, म्हणून एकही फाइल टाकू नका. दोषी बहुधा ड्रायव्हर असतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज हा ड्रायव्हर १०.१ आवृत्तीच्या आधीचा असेल तर तो नवा करा किंवा काढून टाका आणि विंडोजचा मूळ ड्रायव्हर चालू द्या. त्यानेही फरक पडला नाही तर कंट्रोलर बदलायचा, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारं साटा (आजच्या डिस्कची बारीक केबलची जोडणी) कार्ड घ्यायचं. एएसएम१०६१ चिपचं कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतं आणि मदरबोर्डच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ आहे. त्या स्लॉटचा जुना वेग २५० एमबी प्रति सेकंद, एका हार्ड डिस्कला पुरेसा. २०१० मध्ये ३ टीबीची पहिली डिस्क डेस्कटॉपसाठी आली तेव्हा वेस्टर्न डिजिटलने तिच्यासोबत असंच एक कार्ड दिलं होतं, ते याच अडचणीवर.

डिस्क अजिबातच दिसत नसेल तर आणखी एक जुना दुखणेकरी आहे: व्हिआ कंपनीच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिप. पेंटियम ४ आणि सेलेरॉनच्या काळातल्या स्वस्त बोर्डांवर या भरपूर असायच्या. त्यांना १.५ गिगाबिटपेक्षा वेगवान साटा डिस्कशी वेग जुळवून घेता येत नाही, त्यामुळे डिस्क फिरते पण बायॉसला सापडत नाही. पूर्वीच्या डिस्कवर वेग १.५ वर बांधणारा जंपर असायचा, वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर तो ५-६ पिनांवर. नव्या मोठ्या डिस्कवर तो जंपर सहसा नसतो, तेव्हा तिथेही कार्डच.

यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून यूएसबीला जोडायचा स्टँड) आणि केसबद्दल सावध करतो, कारण घरात जुना डॉक असतोच आणि डिस्क आधी त्यावर फॉरमॅट करून मग कॅबिनेटमध्ये बसवण्याचा मोह होतो. काही जुन्या डॉकची चिप २.२ टीबीपलीकडे बघत नाही, त्यात ४ टीबीची डिस्क वर सांगितलेली १.६४ टीबीची दिसते. दुसऱ्या काही चिप हुशारी करतात: एक्सपीला मोठी डिस्क दिसावी म्हणून ५१२ बाइटचे आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ बाइटचा एक सेक्टर असल्याचं संगणकाला भासवतात. डॉकमध्ये ते चालतं. पण तीच डिस्क काढून थेट साटा केबलला लावली की पार्टिशन टेबलमधले सगळे आकडे आठपटीने चुकतात आणि भरलेली डिस्क रिकामी दिसते. डेटा गेलेला नसतो, परत त्याच डॉकमध्ये टाकली की दिसतो, पण लोक घाबरून फॉरमॅट करतात. म्हणून डिस्क ज्या मशीनमध्ये राहणार आहे, त्याच मशीनच्या केबलवर फॉरमॅट करा. शिवाय यूएसबी २ वर वेग ३०-३५ एमबीच्या पुढे जात नाही, ४ टीबी भरायला दीड दिवस लागेल.

विजेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण 'डिस्क जुन्या मशीनला चालत नाही' अशा तक्रारींतल्या बऱ्याच शेवटी एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणारा डबा) निघतात. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. पंधरा वर्षं चाललेल्या स्वस्त एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगलेले असतात, आणि तेवढ्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं. मग डिस्क टक-टक करून पुन्हा सुरू होते, किंवा मोठी कॉपी चालू असताना मधेच गायब होते. आवाज ऐकून डिस्क खराब ठरवू नका, दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर लावून बघा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून तीन ओळी वाचा. ०५ आणि सी५ वाढत असतील तर डिस्कचे सेक्टर खराब होतायत. त्या दोन शून्यावर आहेत आणि सी७ वाढतोय, तर डिस्क ठीक आहे आणि साटा केबल बदलायची वेळ झाली आहे. सी७ मागे येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर आजचा आकडा लिहून ठेवा आणि तो तिथेच थांबला का ते बघा.

उद्या ८ किंवा १२ टीबीची डिस्क घेतली, विशेषतः बाहेरच्या केसमधून काढलेली किंवा सर्व्हरसाठीची, तर ती जुन्या एसएमपीएसवर फिरणारच नाही असं होऊ शकतं. साटाच्या पॉवर कनेक्टरवरच्या पहिल्या तीन पिना पूर्वी ३.३ व्होल्टच्या होत्या. नव्या प्रमाणात तिसऱ्या पिनेला 'बंद राहा' या संकेताचं काम दिलं गेलं. जुना एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतच असतो, म्हणजे डिस्कला सतत बंद राहायला सांगत असतो. ओळखायची खूण: एसएमपीएसच्या साटा कनेक्टरला पाच तारा असून त्यातली एक नारिंगी. उपाय म्हणजे मोलेक्स-टू-साटा केबल. मोलेक्सला पिवळी, लाल आणि दोन काळ्या एवढ्याच तारा, ३.३ व्होल्ट त्यात नसतातच. केबल घेताना कनेक्टर नीट बघा. तारा मागून प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या, एकसंध ठोकळ्यासारख्या असतील तर घेऊ नका, त्यांत आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा एकेक करून खाचेत दाबून बसवलेल्या आणि मागे झाकण असलेली केबल घ्या. तुमच्या ४ टीबीला याची गरज नाही. ती फिरते आहे, एवढं पुरे.

बसवताना दोन गोष्टी. काही मोठ्या डिस्कना बाजूच्या मधल्या स्क्रूचं भोक नसतं, त्यामुळे जुन्या कॅबिनेटच्या खाचेत एका बाजूला एकच स्क्रू लागतो. तेवढ्यावर डिस्क लोंबकळत ठेवू नका, ट्रे किंवा पट्टी लावा. आणि डिस्कसमोर पंखा हवा. या जुन्या कॅबिनेटांत पुढे पंख्याची जागा असते पण पंखा नसतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल तर बंद कॅबिनेटमधली डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. साध्या पंख्याने मोठा फरक पडतो.

आता काकांचं मशीन. इथे पहिलं काम मोठी डिस्क शोधण्याचं नाही. टकटक करणारी डिस्क आजच बंद करा. ती चालू ठेवून फाइली एकेक करून कॉपी करणं हा तिला मारायचा खात्रीचा मार्ग आहे. ती काढून तुमच्या मशीनला लावा (जी४१ च्या बऱ्याच बोर्डांवर एक आयडीई पोर्ट असतो), लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रतिमा (सबंध डिस्कची हुबेहूब प्रत, एका फाइलीत) ४ टीबीवर घ्या. हा प्रोग्राम आधी चांगले भाग वाचतो आणि अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतो. ८० जीबीची प्रतिमा तुमच्या डिस्कवर कोपऱ्यात मावेल.

प्रेसमध्ये असं जुनं मशीन का ठेवावं लागतं हे मला कळतं. जुनी मराठी फॉण्टची सॉफ्टवेअर, त्यांचं पॅरलल पोर्टला लागणारं डाँगल (सॉफ्टवेअरची किल्ली), वीस वर्षांच्या पत्रिका आणि अहवालांच्या पेजमेकर फाइली. ते सगळं नव्या विंडोजवर उघडत नाही. म्हणून ते मशीन वाचवण्यासारखं आहे. पण त्याला मोठी डिस्क नकोच आहे. पेजमेकरच्या फाइली काही एमबींच्या. त्याला १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी द्या, आणि जुना संग्रह तुमच्या ४ टीबीवर व शिवाय एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ३२-बिट एक्सपीला जीपीटी डिस्क मुळीच वाचता येत नाही, ती फक्त 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' असं दाखवते, हेही ध्यानात असू द्या. संग्रहाची बाहेरची डिस्क काकांच्या मशीनला थेट लावायची असेल तर ती २ टीबीपर्यंतचीच आणि एमबीआरची हवी.

एसएसडी बसवताना तीन खबरदाऱ्या. एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ आहे का ते 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये बघा, कारण १३७ जीबीची रेष ओलांडण्याचा प्रश्न इथे खराच आहे. दुसरं, सी ड्राइव्ह ६०-८० जीबीचाच आणि डिस्कच्या सुरुवातीला ठेवा. एक्सपी सुरू होताना पहिल्या काही फाइली बायॉसमार्फत वाचते, आणि बायॉस १३७ जीबीपलीकडे बघू शकत नसेल तर मोठ्या पार्टिशनवर मशीन आज सुरू होतं, सहा महिन्यांनी अपडेट किंवा डीफ्रॅगमध्ये (फाइली सलग लावताना) ती फाइल पलीकडे सरकते आणि 'एनटीएलडीआर इज मिसिंग' येतं. तेव्हा कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. तिसरं, एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. आजच्या डिस्क आणि एसएसडी आतून ४०९६ बाइटच्या तुकड्यांत काम करतात, म्हणजे आठ-आठ सेक्टरांत, आणि ६३ ला आठने भाग जात नाही. मग प्रत्येक छोटं लिखाण दोन तुकड्यांवर पडतं, मशीन रखडतं आणि एसएसडी झिजते. प्रतिमा एसएसडीवर उतरवल्यावर जीपार्टेडमध्ये (लिनक्समधला पार्टिशनचा प्रोग्राम) ते पार्टिशन 'अलाइन टू एमआयबी' निवडून सरकवून घ्या. त्यानंतर एक्सपी सुरू होत नसेल तर तिच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये जाऊन फिक्सबूट आणि फिक्सएमबीआर चालवा.

जोडणीसाठी साटा-टू-आयडीई कन्व्हर्टर पुरतो. त्याच्यावरचा जंपर मास्टरवर ठेवा, सीडी ड्राइव्ह दुसऱ्या चॅनलवर हलवा, आणि रिबन केबल ८० तारांची बारीक विणीची वापरा. ४० तारांच्या जुन्या केबलवर वेग ३३ एमबीवर बांधला जातो. कन्व्हर्टर विकत घेण्याआधी बोर्डाच्या कडेला साटाचे दोन छोटे पोर्ट आहेत का तेही बघून घ्या. ८६५ चिपसेटच्या बोर्डांवर ते असतात आणि धुळीखाली कुणाच्या लक्षात येत नाहीत. ८४५ वर बहुधा नसतात. स्लॉटांच्या मधे बोर्डाचा नंबर छापलेला असतो, तो आणि मशीन सुरू होतानाच्या पहिल्या पडद्यावरची बायॉसची तारीख कळवलीत, तर तिथे कन्व्हर्टर लागेल की थेट केबल, ते नक्की सांगता येईल.